निघालेच आहे

राखणदार घरात आला त्या दिवशी सुवर्णाने त्याला चहा विचारला. तो चहा पिणार कुठून, त्याला तोंडच नव्हतं. ओवीच्या संगणकात बसवलेला तो एक प्रोग्रॅम होता. त्याचा नुसता आवाज ऐकू यायचा, बँकेत नव्याने लागलेल्या पोरांचा असतो तसा मऊ आणि नम्र. पण माझ्या बहिणीची रीतच ती. दारात आलेल्याची आधी थट्टा, मग पाहुणचार.

ओवी तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची. अमरावतीला पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दिवाळीला संगमनेरला घरी आली होती. येताना विद्यापीठाचा हुकूम घेऊन आली. परीक्षेला बसायचं तर प्रत्येकाने आपल्या संगणकावर राखणदार बसवायचा आणि त्याला घरच्या माणसांची ओळख करून द्यायची. परीक्षा आता मुलांच्या स्वतःच्या संगणकावरच होत होत्या. पेपर त्यावर उघडायचा, उत्तरं त्यावर लिहायची, फोनसुद्धा परीक्षेच्या दिवसांत त्यालाच जोडलेला. त्या संगणकात चोर शिरला म्हणजे वर्ष गेलंच म्हणून समजायचं.

हुकूम उगाच निघाला नव्हता. आदल्या वर्षी ओवीच्या खोलीतल्या प्रांजलला ऐन परीक्षेत आईचा फोन आला. बाबांना अपघात झालाय, दवाखान्यात कागदपत्रं मागताहेत, तुझा संगणक उघड आणि मी सांगते ते कर. आई हुंदके देत होती. प्रांजलने सांगितलेलं सगळं केलं. त्या वेळी तिची खरी आई गोंदियाला निवांत भाजी निवडत बसली होती. चोरांनी तिचा आवाज कुठल्याशा वाढदिवसाच्या चित्रफितीवरून तयार केला होता. प्रांजलच्या संगणकातून पेपर फुटला आणि शिक्षा तिलाच झाली, दोन वर्षं परीक्षेला बंदी. ती घरी गेली ती अजून कुणाचा फोन उचलत नाही म्हणे. मैत्रिणीचं तोंड दुधाने पोळलेलं पाहून आमची ओवी ताकही फुंकून प्यायला लागली होती.

मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यामुळे घरात नवं यंत्र आलं की ते इतरांना उलगडून सांगायचं काम माझ्याकडे. राखणदाराचं तत्त्व मला मनापासून आवडलं होतं. जुनी कुलपं माणसाला ओळखायची, परवलीच्या शब्दावरून, बोटाच्या ठशावरून, चेहऱ्यावरून, आवाजावरून. आता या सगळ्यांची नक्कल व्हायला लागली होती. मग शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. 'हा माणूस कोण' असं न विचारता 'हा माणूस असं वागेल का' असं विचारायला सुरुवात केली. आवाजाची नक्कल सोपी, सवयींची अवघड. सुवर्णा लेकीला कुठल्या वेळी फोन करते, 'हॅलो' म्हणते की थेट 'जेवलीस का' म्हणते, कशावरून चिडते, काय कधीच बोलत नाही, हे राखणदार वर्षानुवर्षांच्या संदेशांवरून शिकायचा. नवा फोन आला की तो या सवयींशी ताडून पाहायचा आणि विश्वासाचा एक आकडा काढायचा. आकडा मोठा असेल तर फोन ओवीपर्यंत पोचणार, लहान असेल तर नाही. आजही त्या गणितात मला चूक काढता येत नाही, आणि माझं डोकं फिरतं ते त्यामुळेच.

आकडा लहान आला तर पुढे काय होतं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मुलांनाही नाही. चोरांना कळू नये म्हणून ते गुपित ठेवलेलं. फोन नुसता तोडला तर चोर दुसरं दार शोधतो. म्हणून राखणदार तो तोडायचा नाही, स्वतःच बोलायचा, विद्यार्थ्याच्याच आवाजात. माळावर घरट्याजवळ कुत्रं आलं की टिटवी पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब घेऊन जाते, तसं. चोर जे मागेल त्याला हो म्हणायचं, आशेवर ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात तो कुठून बोलतोय ते हुडकून पोलिसांना कळवायचं. विद्यार्थ्याचं लक्ष उडू नये म्हणून परीक्षा संपेपर्यंत त्याला यातलं अवाक्षर सांगायचं नाही.

तर त्या दिवशी राखणदार एकेक प्रश्न विचारत होता आणि सुवर्णा शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या उत्तरं देत होती. ती घरी शिवणकामाचा क्लास चालवायची. मुलीला रडत फोन करता का, या प्रश्नावर ती म्हणाली की रडायला सवड कुणाला आहे. मग त्याने विचारलं की परीक्षेच्या काळात घरून आजारपणाची बातमी येण्याची शक्यता किती.

ओवी एकदम आईकडे बघायला लागली. "आई, खरं सांग हं," ती म्हणाली.

याला कारण होतं. ओवीची दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू असताना तिच्या बाबांच्या, म्हणजे हेमंतरावांच्या, हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. सुवर्णाने ते लेकीला कळू दिलं नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून तिने लिहिलं होतं की आज मेथीची भाजी केली, बाबांनी दोनदा घेतली. पेपर संपवून ओवी घरी आली तर बाबा उशांना टेकून बसलेले. पोरगी चार दिवस आईशी बोलली नाही. सुवर्णाला त्याचं काही वाटलं नाही. तू येऊन काय करणार होतीस, तिने विचारलं होतं, तू अजून डॉक्टर नाहीस आणि झालीस तरी गुरांची. आपल्याकडे बहुतेक घरांत हीच रीत आहे. मुलाची परीक्षा असली की घरातलं मरणसुद्धा पडद्याआड ठेवतात. सुवर्णा त्या रीतीची पक्की अभिमानी.

तिने मशीन थांबवलं आणि संगणकाकडे बोट केलं. "लिहून घे रे बाबा. परीक्षा चालू असताना या घरात कोणी आजारी पडत नाही."

आम्ही हसलो. ओवी हसली नाही. राखणदार म्हणाला, नोंद घेतली, धन्यवाद.

संक्रांतीच्या सुमाराला सुवर्णाचं पोट दुखायला लागलं. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि पुष्कळ पसरलाय. घरी आल्यावर तिने हेमंतरावांना आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि शपथ घातली. ओवीचे पेपर मे महिन्यात. ते संपले की मी स्वतः सांगेन, तोवर तोंडं शिवून ठेवा.

मी तिच्याशी भांडले. लेकीचा हक्क आहे असं म्हणाले. ती म्हणाली, "ताई, तुला मूल नाही, तुला नाही कळायचं." हे तिने यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं. मला राग आला होता आणि दोन दिवस तो गेला नाही.

मग तो खेळ सुरू झाला. औषधाची नळी हाताला लावलेली असताना ती दुसऱ्या हाताने ओवीला लिहायची, आज मेथी केली. केस गळाले तेव्हा कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं. ओवी उलट चिडवायची की तुमच्याकडे मेथीशिवाय दुसरं काही उगवत नाही का. राखणदार हे सगळं वाचत होता. एका निरोगी, सुखी घराचे रोजचे पुरावे त्याच्यापाशी साठत होते. आणि ते पुरावे देणारी माझीच बहीण होती.

मे उजाडला, ओवीचे पेपर सुरू झाले, आणि सुवर्णाच्या शरीराने कच खाल्ली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. आम्ही तिची कॉट बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावली. तिथून फाटक दिसायचं. एके सकाळी मी तिचं तोंड पुसत होते तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"ताई, ओवीला बोलव. मला तिला बघायचंय."

जन्मभर जपलेला नियम तिने मोडला तो असा, एका वाक्यात. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. म्हटलं, चला, हिला शेवटी माणसासारखं वागता आलं.

फोन तिनेच केला. "ओवी, बाळा, मी खूप आजारी आहे," ती म्हणाली. "पेपर राहू दे. ये तू." आणि रडायला लागली.

पलीकडे काय झालं असेल ते आज मी डोळ्यांसमोर आणू शकते. आई रडतेय. ही कधी रडत नाही. परीक्षा चालू असताना आजारपण सांगतेय. या घरात तसं होत नाही, तिनेच सांगितलंय. पेपर सोड म्हणतेय. कालच तर भाजी केली होती. प्रांजलच्या वेळी चोर जे जे बोलले होते, तेच ही बाई ओळीने बोलतेय. राखणदाराने आकडा काढला असेल आणि तो जवळपास शून्य आला असेल.

फोनवर ओवीचा आवाज आला. "आई, रडू नकोस. निघालेच आहे."

सुवर्णाचा चेहरा असा उजळला की तेवढ्यासाठी मी त्या यंत्राला माफ करावं, असं अधूनमधून माझ्या मनात येतं. तिने चादर बदलायला लावली. डोक्याला रुमाल बांधायला लावला, जांभळा नको, हिरवा काढ म्हणाली. ओवीला येता येता भूक लागेल म्हणून पिठलं-भाकरीचं सांगून ठेवलं. मग खिडकीकडे तोंड करून पडली ती पडलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी यायला हवी होती. आली नाही. हेमंतरावांनी फोन केला तर म्हणाली की गाडी कारंज्याच्या पुढे बंद पडलीय, दुसरी येतेय, पोचतेच. संध्याकाळी म्हणाली की दुसऱ्या गाडीत जागा मिळाली नाही. चेहरा दाखव म्हटलं तर इथे नेटवर्क पुरत नाही. प्रत्येक वेळी शेवटी तेच. निघालेच आहे.

मला एक गोष्ट खुपत होती. गोठ्यातली गाय एक दिवस चारा खाईना तर ही मुलगी दहा प्रश्न विचारते. आणि आईला काय झालंय, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. मी ते धक्क्यावर ढकललं. होस्टेलला फोन लावून पाहिला तर ध्वनिमुद्रित बाई बोलली की परीक्षा चालू आहेत, विद्यार्थिनींशी संपर्क फक्त राखणदारामार्फत.

तिसऱ्या दिवशी हेमंतरावांचा बांध फुटला. शांत माणूस, दूध संघाच्या शीतगृहात नोकरी करून थंड झालेला, अशी सुवर्णा त्यांची चेष्टा करायची. ते म्हणाले, पोरगी तिथेच बसून पेपर देतेय आणि आपल्याला झुलवतेय.

"माझी मुलगी खोटं बोलत नाही," सुवर्णा म्हणाली.

"तुझी मुलगी आहे ती. खोटं बोलणं तिने कुणाकडून शिकायचं राहिलंय?" असं म्हणून ते परसात गेले आणि नळ सोडून रडत बसले. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही असं त्यांना वाटत होतं.

सुवर्णा बराच वेळ फाटकाकडे बघत होती. मग म्हणाली की पोरगी वाटेत हाल काढत असेल, घाबरली असेल, तिला नेहमीचं काहीतरी लिही. मी विचारलं, नेहमीचं म्हणजे काय. म्हणाली, मेथीचं. मी तिच्या फोनवरून लिहिलं की आज मेथी केली होती, बाबांनी दोनदा घेतली, जेवलीस का.

उत्तर लगेच आलं. मी ते वाचून दाखवलं. "परत मेथी? अगं, मे महिन्यात तुला मिळते तरी कुठून? बाबांना एकदा वांगं खाऊ घाल, बिचारे. उद्या शेवटचा पेपर. झाला की रातराणीने येते. पिठलं करून ठेव."

हेमंतराव दारात उभे होते. बघा, म्हणाले, निघालीच नव्हती. मीही मनातून पेटले. पण सुवर्णा हसत होती. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले.

"आत्ता बोलली माझी ओवी," ती म्हणाली.

तिने तो संदेश मला पुन्हा वाचायला लावला. मी विचारलं, लिहू का तिला की तुझी अवस्था काय आहे. तिने मान हलवली. एकच पेपर राहिलाय, म्हणाली, देऊ दे तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला येऊन गेला आणि मी पातेलं आत ठेवून बाहेर आले, तेवढ्यात ती गेली होती. तोंड फाटकाकडेच होतं.

हेमंतरावांनी ओवीला फोन केला. "ओवी, तुझी आई गेली," एवढंच त्यांना बोलता आलं.

"बाबा, रडू नका," ओवीचा आवाज म्हणाला. "निघालेच आहे."

तो आवाज जराही हलला नव्हता. हेमंतरावांनी फोन भिंतीवर मारला. ही माझी मुलगी नाही, ते म्हणाले. ते किती खरं बोलताहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुपारी अंगणात आळीतली माणसं जमलेली असताना पोलीस आले. दोघे होते. त्यातल्या तरुण शिपायाने मला पाहून 'मॅडम, तुम्ही?' असं विचारलं. कधीतरी माझ्या वर्गात बसलेला असणार. तो अवघडून म्हणाला की या पत्त्यावरून एका विद्यार्थिनीला सतत फसवे फोन जाताहेत, आईचा बनावट आवाज काढून. पेपर सोडून ये म्हणून गळ घालताहेत. तक्रार खुद्द राखणदाराची आहे. असं म्हणत त्याने आत पाहिलं. आत सुवर्णा होती, कपाळावर मोठं कुंकू लावलेली, डोक्याला हिरवा रुमाल. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मग ओवीशी बोलत कोण होतं?" मी विचारलं. "म्हणजे आमच्याशी?"

तो खाली बघून म्हणाला, "राखणदारच बोलतो, मॅडम. चोराला गुंतवून ठेवायला. आम्हाला तसं शिकवलंय."

मी पायरीवर बसले. सगळे दिवस डोळ्यांपुढून गेले, चादर, पिठलं, कारंज्याची बंद पडलेली गाडी. माझी बहीण मरणाच्या दारात एका कुलपाशी बोलत होती आणि ते कुलूप तिला 'निघालेच आहे' म्हणत होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर संन्याशाला सुळावर चढवून वर धीर दिला होता. मी त्या पोराला म्हटलं, आता तरी तिला कळवा. तो म्हणाला की तक्रार मागे घ्यायची तर वरून परवानगी लागते, आणि तोवर पेपर संपेलच.

तसंच झालं. ऊन उतरता उतरता सुवर्णाचा फोन वाजला. ओवीचा संदेश होता. पेपर संपला, मस्त गेला, रातराणीत बसतेय.

मी माझ्या फोनवरून तिला लावला. पेपर संपल्यावर राखणदार फोन अडवत नव्हता, नुसता आकडा काढत होता, त्यामुळे फोन थेट लागला. मी काही बोलायच्या आत तीच बोलत सुटली. मावशी, गंमत ऐक, राखण्याने आत्ता हिशेब दाखवला, आईच्या नावाने कुणीतरी केवढे फोन केले होते, आजारी काय, मरायला टेकले काय, आणि आवाज म्हणे हुबेहूब आईचा गं, माझ्या अंगावर काटाच आला. मी म्हटलं, "ओवी, बाळा, शांतपणे ऐक. ते फोन खरे होते. तुझी आई आज सकाळी गेली."

तिचा आवाज बदलला, परक्या माणसाशी बोलावा तसा झाला. "माझी मावशी मला बाळा म्हणत नाही," ती म्हणाली. "तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे. लाज वाटू द्या थोडी." फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना, तिने माझा क्रमांक बंद करून टाकला होता.

मी तिला बाळा म्हणत नाही, हे खरंच आहे. तो शब्द सुवर्णाचा. त्या क्षणी माझ्या तोंडी कसा आला कोण जाणे.

हेमंतराव समोर बसून ऐकत होते. ते म्हणाले, बरं झालं. ताई, एकटी पोरगी, सगळी रात्र गाडीत. तिला हे खरं वाटलं असतं तर ती पोचली असती का. मग त्यांनी सुवर्णाचा फोन मागून घेतला. दूध संघातला तो माणूस, ज्याने आयुष्यात बायकोच्या पर्सला हात लावला नव्हता, तिचा फोन उघडून एकेक अक्षर शोधत लिहीत होता. सावकाश ये. पिठलं ठेवते. मेथी पण आहे.

ओवीने हसरा चेहरा पाठवला.

इतक्या दिवसांत खरोखरचा फसवा संदेश गेला तो हाच. राखणदाराने त्याला पूर्ण गुण दिले.

सुवर्णाला आम्ही शीतपेटीत ठेवलं आणि बसून राहिलो. सकाळी रिक्षा फाटकाशी थांबली. ओवी उतरली, पाठीवर संगणकाची बॅग, हातात संत्र्याच्या बर्फीचा खोका. तिने दाराबाहेरच्या चपला पाहिल्या. एवढ्या चपला आमच्या दारात शिवणाच्या क्लासच्या पहिल्या दिवशी असायच्या. ती थांबली. बाबा पुढे गेले तर ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"मावशी, तो फोन तुझाच होता?"

मी हो म्हटलं. तिने बर्फीचा खोका पायरीवर नीट ठेवला, मग संगणकाची बॅग उतरवून त्याच्या शेजारी ठेवली, आणि आत गेली. त्यानंतरचं मला लिहायचं नाही.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, तेव्हा ओवीने पहिल्यांदा संगणक उघडला. मी सांगितलं, नको. हेमंतराव म्हणाले, फेकून दे तो. ती म्हणाली की नाही, आईचं बोलणं यात आहे आणि मी ते ऐकलेलं नाही. परीक्षेच्या काळातले अडवलेले संदेश राखणदार काही दिवसच ठेवतो. मग पुसून टाकतो. ज्यांना विद्यार्थी 'खरा' अशी खूण करतो तेवढेच राहतात.

आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. शिवणाच्या मशीनवर सुवर्णाचा फोटो होता. ओवीने साठवलेला पहिला फोन ऐकायला लावला आणि आई खोलीत बोलायला लागली. पेपर राहू दे. ये तू. मग ओवीचाच आवाज आला, आई, रडू नकोस. ओवी स्वतःचा आवाज ऐकत होती आणि तिचा हात तोंडावर गेला होता. पण तिने पूर्ण ऐकलं, खाली 'खरा' वर बोट ठेवलं, आणि पुढचा लावला. तो पूर्ण ऐकला. खरा. पुढचा. खरा. बाबांचा फोन आला तेव्हा हेमंतराव उठून नळाकडे गेले. या वेळी त्यांनी नळ सोडला नाही.

मधेच तिने विचारलं, "आई गेली तेव्हा तिला वाटत होतं का, की मी येतेय?"

मी म्हटलं, "शेवटी तिच्याशी तूच बोललीस. मेथीवरून चिडवलंस तेव्हा. ती म्हणाली, आत्ता बोलली माझी ओवी." हे खरं होतं म्हणून मला सांगता आलं. खोटं असतं तरी मी सांगितलं असतं.

सगळ्यात शेवटी तो संदेश आला. सावकाश ये. पिठलं ठेवते. मेथी पण आहे. हा अडवलेला नव्हता, पण राखणदार त्याचीही खातरजमा मागत होता. पाठवल्याची वेळ त्यावर होती, आई गेल्यानंतरची. ओवी ती वेळ बघत राहिली. मग तिने दाराकडे पाहिलं. हेमंतराव दाराची कड धरून उभे होते, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे. दोघं एकमेकांकडे बघत होते.

ओवीने 'खरा' वर बोट ठेवलं.

संगणक क्षणभर विचारात पडला. मग तो मऊ आवाज आला, दिवाळीत सुवर्णाने ज्याला चहा विचारला होता त्याचाच.

"आपल्या सुधारणेबद्दल धन्यवाद. या संपर्काचा विश्वास आता पूर्ण झाला आहे. यापुढे आईकडून येणारा प्रत्येक फोन आपल्याला थेट मिळेल."

ओवीने संगणक मिटला नाही. तो मांडीवर उघडाच ठेवून ती अंधार पडेपर्यंत तशीच बसली होती.